ते इंजेक्शन कुठं मिळतं ते मलाही सांगा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला चिकनवरचा लेख वाचला. त्यात परत तेच, ब्रॉयलर कोंबडी ४० दिवसांत दोन किलोची होते म्हणजे तिला इंजेक्शन देत असणारच. मी संगमनेर तालुक्यात १२ वर्ष ब्रॉयलर करतोय, ५००० पक्ष्यांचं शेड आहे, कंपनीशी करार आहे, म्हणजे पिल्लं त्यांची खाद्य त्यांचं औषध त्यांचं आणि शेड, लाईट, पाणी, तूस, मजुरी आमची. १२ वर्षांत हे इंजेक्शन काही मला बघायला मिळालं नाही. कुठं मिळतं ते लेखिका ताईंनी सांगावं, मागच्या उन्हाळ्यात माझ्या पक्ष्यांचं वजन आलं नाही तेव्हा फार उपयोग झाला असता.

थोडा हिशोब करा ना. ग्रोथ हार्मोन हे एक प्रोटीन आहे, खाद्यातून दिलं तर पोटात डाळीसारखं पचून जाणार, म्हणजे टोचायलाच पाहिजे आणि तेही परत परत. पाच हजार पक्षी रोज धरून टोचायचे? आमच्याकडे ५-७ व्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा लस एकेका पिल्लाच्या डोळ्यात टाकतात, तेवढ्यालाच घरातली सगळी माणसं लागतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाची कंबर सरळ होत नाही, गंबोरोची लस मग पाण्यातूनच देतो. अँटिबायोटिकबद्दल लिहायचं असेल तर जरूर लिहा, तो प्रश्न खरा आहे, कोलिस्टिन सरकारने जुलै २०१९ मधे जनावरं-कोंबड्यांसाठी बंद केलं ते काही उगीच नाही. पण वाढीचं कारण ते नव्हे.

वाढीचं कारण आहे जात. म्हणजे ब्रीड. याचा अगदी सरळ पुरावा आहे. अमेरिकेत १९५७ सालच्या कोंबड्यांची एक जात मुद्दाम जशीच्या तशी जपून ठेवलेली आहे, निवड न करता. नॉर्थ कॅरोलिनातल्या विद्यापीठाने ती जात आणि २००१ सालचा रॉस ३०८ ब्रॉयलर शेजारी शेजारी वाढवले, आणि दोघांना दोन्ही खाद्यं देऊन बघितली, १९५७ चं जुन्या पद्धतीचं आणि २००१ चं नवीन. ४२ दिवसांनी जुनी कोंबडी जुन्या खाद्यावर ५३९ ग्रॅम, नवीन खाद्यावर ५७८ ग्रॅम. बस. आणि रॉस जुन्या खाद्यावर सुद्धा २१२६ ग्रॅम, नव्यावर २६७२. म्हणजे आजचं भारीतलं खाद्य जुन्या कोंबडीला घातलं तर ४० ग्रॅमचाही फरक पडत नाही. त्या लोकांनी हिशोब काढला की फरकातला ८५ ते ९० टक्के भाग अनुवंशाचा आणि उरलेला खाद्याचा. नंतर कॅनडात अल्बर्टा विद्यापीठानेही १९५७, १९७८ आणि २००५ चे पक्षी एकाच खाद्यावर वाढवले, ५६ व्या दिवशी ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. इंजेक्शन कुणालाच नव्हतं.

याची सुरुवात कशी झाली तेही भारी आहे. १९४८ मधे अमेरिकेत डेलावेअरला 'उद्याची कोंबडी' अशी स्पर्धा झाली, एका किराणा दुकानांच्या साखळीने पैसे घातले होते, छातीला मांस जास्त पाहिजे अशी अट. जिंकलेला पक्षी कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा क्रॉस होता, व्हँट्रेस नावाच्या माणसाचा, तेच नाव आज ब्रॉयलरची जात विकणाऱ्या कॉब-व्हँट्रेस कंपनीच्या नावात आहे. आणि हा कॉर्निश कोण, तर ज्याला इंग्लंडात 'इंडियन गेम' म्हणायचे, आपल्या झुंजीच्या असील कोंबड्याचं रक्त त्याच्यात आहे. आजही ब्रॉयलरच्या बापाची बाजू कॉर्निशची असते आणि आईची व्हाईट रॉक या जातीची. म्हणजे ज्या पक्ष्याला लोक परदेशी विष म्हणून नाकं मुरडतात त्याची छाती आपल्याच असीलकडून आलेली.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहायला बसलो. वजन नुसतं दिसायला असतं, धंदा चालतो एफसीआरवर. एक किलो जिवंत वजन करायला किती किलो खाद्य लागलं तो आकडा. गाडीचं अॅव्हरेज असतं ना, त्याचं उलटं, जितका कमी तितका चांगला. खर्चातला ६५-७० टक्के खर्च खाद्याचा, मका आणि सोयापेंड. माझ्या ५००० पक्ष्यांचं २.२ किलोने ११ टन वजन धरा, एफसीआर १.६ च्या जागी १.७ आला की ११०० किलो खाद्य जास्त गेलं, ५० किलोच्या २२ गोणी, किलोला ४० रुपये धरले तर ४४ हजार. एका लॉटला. दशांशानंतरच्या एका आकड्यावर एवढं.

एफसीआर सुधारला तो बराचसा तर वेगामुळेच. पक्षी वाढो न वाढो त्याला जगायला रोज खावंच लागतं, श्वास, अंगातली ऊब, हिंडणं, म्हणजे दुकानाच्या भाड्यासारखं, गिऱ्हाईक येवो न येवो. दोन किलो व्हायला ८० दिवसांऐवजी ३५ दिवस लागले तर ४५ दिवसांचं भाडं वाचलं. आमच्या आईचा गावरान कोंबडा दीड किलो व्हायला पाच-सहा महिने घ्यायचा, तो भाडंच भरत बसायचा. (चवीचं विचारू नका, ती त्याचीच, मी घरी तोच खातो.)

पण नुसता वेग नाही. एकाच वयाचे, एकाच वजनाचे, तेवढेच वाढलेले दोन भाऊ घ्या, तरी एक दुसऱ्यापेक्षा शंभर-दोनशे ग्रॅम कमी खाल्लेला सापडतो. वजन आणि वाढ बघून याने इतकं खायला पाहिजे होतं, प्रत्यक्षात खाल्लं इतकं, त्या दोन्हीतला जो फरक उरतो तो ब्रीडिंगवाले मोजतात, आणि तो बऱ्यापैकी आईबापाकडून येतो. का येतो त्याची उत्तरं बरीच आहेत. कुणी चरबी कमी साठवतो, चरबीला मांसापेक्षा खाद्य जास्त लागतं कारण मांसात पाणीच जास्त. कुणी उगाच हिंडत नाही. कुणाच्या पेशीतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे खाल्ल्याची ऊर्जा करणारे भाग, कमी गळके असतात. कुणाचं पचनच चांगलं, फ्रान्समधे गव्हाच्या खाद्यावर पचन बघून निवड करून वंशाच्या दोन वेगळ्या ओळी केल्या, चांगलं पचवणाऱ्यांचा पेटा (आपण कलेजीबरोबर घेतो तोच) मोठा निघाला. एक असा जीन नाही की तो सापडला आणि काम झालं, शेकडो ठिकाणचा थोडा थोडा हिस्सा. म्हणून इंजेक्शनसारखी सोपी गोष्ट लोकांना पटते आणि ही पटत नाही.

आणि मोजतात कसं, तर पक्ष्याच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक टॅग, खाद्याच्या भांड्यात तोंड घातलं की मशीन लिहून घेतं कोण आला किती ग्रॅम खाऊन गेला. त्यातले निवडलेले पुढच्या पिढीचे आईबाप. तिथून पणजी-पणजोबा, आजी-आजोबा, आईबाप अशा पायऱ्या उतरत आमच्या शेडपर्यंत पिल्लू यायला साधारण ४ वर्ष जातात. म्हणून हे पिल्लू घरी ठेवून त्याचीच अंडी उबवू म्हणाल तर जमत नाही, ते चार ओळींचं मिश्रण असतं, पुढच्या पिढीत सगळं विस्कटतं. जगातल्या बहुतेक ब्रॉयलरचं मूळ दोन-तीन कंपन्यांच्या हातात आहे ते असं.

याची किंमत पक्षी पण मोजतो हे मी लपवत नाही. मांस पटापट वाढतं, हृदय-फुप्फुसं मागे राहतात, थंडीत पडदे बंद केले की पोटात पाणी होऊन पक्षी मरतात. त्यावर ब्रीडिंगवाल्यांनी पक्ष्यांना ऑक्सिमीटर लावून निवड सुरू केली, कोरोनात आपण बोटाला लावत होतो तसलाच प्रकार. पाय अधू होतात. आणि ब्रॉयलरच्या आईबापांना तर पोटभर खायलाच देत नाहीत, दिलं तर इतके जाड होतात की अंडी धड येत नाहीत. म्हणजे आधी भूक वाढवून ठेवायची आणि मग ताटावरून उठवायचं. यावर कुणी लेख लिहिला तर मी कापून ठेवीन.

पण माझं रडगाणं वेगळं आहे. ही सगळी निवड होते बंदिस्त, गार, हिशोबाच्या हवेच्या शेडमधे. आमचं शेड जाळीचं, वर पत्रा, बाजूला गोणपाटाचे पडदे, एप्रिलमधे बाहेर ४१. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकते, आणि पचवलेल्या प्रत्येक दाण्याची गरमी तिच्याच अंगात होते, म्हणून जी जास्त खाते तीच आधी मरते आणि जी शहाणी असते ती दुपारी खाणंच सोडते. खाणं सोडलं की वाढ थांबली, भाडं चालूच. तिथे पहिला आलेला पक्षी इथे पहिला येईलच असं नाही, हे ब्रीडिंगच्या पुस्तकातच असतं. पण आमच्या करारात एफसीआरचं स्टँडर्ड बारा महिने एकच. मागच्या मे महिन्याच्या लॉटला एफसीआर वर गेला, मर पण झाली, ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवायचे कंपनी आम्हाला किलोमागे देते ते पैसे, ठरलेल्यातून कापला आणि सुपरवायझर म्हणतो मॅनेजमेंट कमी पडलं दादा. पाण्याचे बारीक फवारे मारणारे फॉगर चालू होते, रात्री दोनला उठून खाद्य घालत होतो, अजून काय मॅनेजमेंट करायचं? ४१ डिग्री माझ्या मॅनेजमेंटमधे येते का?

उपाय नाहीत असं नाही. मान उघडी असलेल्या कोंबड्या असतात, केरळकडे जुन्या आहेत, एका जीनमुळे पिसं कमी होतात आणि अंगातली गरमी बाहेर पडते, गरम हवेत त्यांचं वजन आणि एफसीआर दोन्ही साध्या पक्ष्यापेक्षा चांगलं राहतं हे बऱ्याच ठिकाणी बघून झालंय. फ्रान्समधे लाल लेबलच्या महागड्या चिकनसाठी उघड्या मानेच्या कोंबड्याही वापरतात, तिथे तर आपल्यासारखा उन्हाळा पण नाही. आपल्याकडे बरेलीच्या इज्जतनगरला केंद्राची संस्था आहे, हैदराबादला पोल्ट्री संशोधन संचालनालय आहे, वनराजा, ग्रामप्रिया तिथलेच. पण हे झालं परसातल्या कोंबडीसाठी. माझ्यासारख्या पाच हजारवाल्यासाठी, पत्र्याच्या शेडमधे, मे महिन्यात, आपल्या मक्यावर कोणत्या जातीचा एफसीआर किती येतो हे सरकारी माणसाने मोजून छापलेलं एक पान मला पाहिजे. ते हातात असलं की सुपरवायझरला दाखवता येईल, आणि करारात उन्हाळ्याचं वेगळं स्टँडर्ड मागता येईल.

२०२० च्या फेब्रुवारीत चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली तेव्हा इकडे लोकांनी जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले, आम्ही ते बघितलंय, म्हणून इंजेक्शनवाला लेख वाचला की पोटात गोळा येतो.

लेखिका ताईंना माझ्यातर्फे निमंत्रण कळवा. सध्याचा लॉट २८ दिवसांचा आहे, आठ-दहा दिवसांत लिफ्टिंग होईल, म्हणजे कंपनी पक्षी उचलून नेईल, त्याआधी आल्या तर पक्षी बघायला मिळतील. येताना पायात जुन्या चपला घाला, गेटवर औषधाच्या पाण्यात पाय बुडवावे लागतात.

आपला नेहमीचा वाचक,
एक पोल्ट्रीवाला, ता. संगमनेर