पैसे नाहीत की कागद नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोव्यातली जुनी घरे पैशांअभावी पडतात, असा सूर आपल्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे लागला आहे. मला तो अर्धाच पटतो. का, ते सांगायला थोडे लांबून यावे लागेल. पार स्वीडनहून.

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे स्टॉकहोमला तीन महिने होतो. तिथे एका रविवारी जावईबापूंनी आम्हा दोघांना युर्शहोल्म दाखवायला नेले. (स्पेलिंग ‘डी’ने सुरू होते, पण ‘डी’ गिळायचा.) स्टॉकहोमच्या उत्तरेचे हे श्रीमंतांचे उपनगर. हेन्रिक पाल्मे नावाच्या बँकरने १८८९ साली कंपनी काढून खाडीकाठची जमीन तुकड्यातुकड्याने विकली, त्यातून ते उभे राहिले. पुढच्याच वर्षी तिथवर रेल्वे नेली आणि १८९५ मध्ये ती विजेवर चालवली. स्वीडनमधली पहिली म्हणतात. आजही गाडी जुन्याच अरुंद रुळांवरून धावते, रुंदी ८९१ मिलिमीटर. आपली मुरगाव–कुळे रेल्वे १८८८ च्या सुमारासची, मीटर गेज. म्हणजे तेव्हा आम्ही त्यांच्या पुढेच होतो, असे मी जावईबापूंना ऐकवून घेतले.

गावात एक पांढरा गढीवजा वाडा आहे, बानेर घराण्याचा. सतराव्या शतकात युरोपात झालेल्या तीस वर्षांच्या युद्धातला सेनापती योहान बानेर १५९६ साली त्याच वाड्यात जन्मला. तो चार वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा बापाचे मुंडके राजकारणात गेले. वसाहत वसल्यावर १८९१ मध्ये या वाड्यात काय घातले असेल? शाळा! मुलामुलींची एकत्र. शाळा दुसरीकडे गेल्यावर नगरपालिकेचा कारभार तिथे आला. वाडा रिकामा राहू दिला नाही. तिथून पुढे चित्रकार पाऊली दांपत्याचा १९०५ चा बंगला लागतो. त्याचा वास्तुविशारद रागनार ओस्टबेरी, ज्याने नंतर स्टॉकहोमचा प्रसिद्ध सिटी हॉल बांधला. बायकोला तो बंगला फार आवडला. मला मात्र घाई होती पुढच्या फाटकाची.

मी पस्तीस वर्षे गणित शिकवले. ते फाटक गणिती योस्टा मित्ताग-लेफ्लर यांच्या बंगल्याचे. यांच्याबद्दल गणितवाल्यांच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लफडे फिरत असते: नोबेलच्या बायकोशी यांचे सूत जुळले, म्हणून गणिताला नोबेल नाही. नोबेल आयुष्यभर अविवाहित होता, बायको कुठून आणणार? खरा माणूस वेगळाच. सोफिया कोवालेव्स्काया या रशियन विदुषीला त्याने स्टॉकहोमला आणले, आणि १८८९ मध्ये ती तिथे पूर्ण प्राध्यापक झाली. १९१६ साली, आपल्या सत्तराव्या वाढदिवशी, त्याने आणि पत्नी सिग्ने यांनी मृत्युपत्र केले: घर आणि सगळा ग्रंथसंग्रह विज्ञान अकादमीला, गणिताच्या संशोधनासाठी.

माझा मुद्दा पुढेच आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्याची संपत्ती आटली. संस्था चालवायला हवा होता तेवढा पैसा उरलाच नाही. १९२७ मध्ये तो वारला आणि त्यानंतर चाळीसेक वर्षे तिथे पुस्तकांपलीकडे फारसे काही नव्हते. १९६९ मध्ये गणिती लेनार्ट कार्लेसन यांनी देणग्या मिळवून काम सुरू केले, आता जगभरचे गणिती तिथे राहून काम करतात. इतकी वर्षे पैसा नव्हता, पण घर कोणाचे आणि कशासाठी, हे लिहिलेले होते. त्यामुळे पैसा आला तेव्हा त्याला उतरायला जागा होती.

आता आमच्या गावची गोष्ट. फोंडा तालुक्यातल्या या गावची मराठी प्राथमिक शाळा चिऱ्यांची, चार खोल्या, पुढे लांब सोपो, म्हणजे ओसरी. मी स्वतः तिथे शिकलो. जागा गावच्या भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने दिली, पण कशी? नारळ फोडून, सर्वांसमक्ष, तोंडाने! पटसंख्या घटली आणि शाळा बंद झाली. पूर्वी मे महिन्यात नारळ पाडणारा पाडेली छपरावर चढून कौले चाळून जायचा, ते थांबले. तिसरीच्या वर्गावरचे एक कौल सरकले. त्या एका कौलातून पाणी वाशात, वाशातून भिंतीच्या माथ्यावर, तिथून गिलाव्यामागे उतरले. दोन पावसाळ्यांत भिंतीला पोट आले. गेल्या श्रावणात फळ्यावर वाळवीने नदीच्या नकाशासारखी वाट काढलेली मी पाहिली. तिच्या शेजारी कोणाच्या तरी हातचा नऊचा पाढा अजून दिसत होता.

आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. कौले आणि रिपांचे पैसे जमले. संबंधित कार्यालयात अर्ज दिला, तर उत्तर आले की जागा शाळेच्या नावावर नाही, दुरुस्तीची परवानगी मालकांची आणा. मालक कोण? भाटकाराचे वारस. मोजले तर तेवीस! कोणी मडगावला, कोणी मुंबईला, दोघे लिस्बनला, एकाचा पत्ताच नाही. इन्व्हेंतार, म्हणजे वारस आणि वाटे ठरवायचे प्रकरण, कोर्टात पडून आहे. पैसे आजही बँकेत आहेत, छप्पर उरलेले नाही.

आपल्याकडे गोव्यात मुले असलेल्या माणसाला सगळे दान करून टाकता येत नाही, हे मला ठाऊक आहे. निम्मा वाटा कायद्यानेच वारसांचा. मित्ताग-लेफ्लरला मूलबाळ नव्हते, त्याला सोपे होते. पण निम्म्यावर तरी आपला हक्क आहे की नाही? ज्यांच्या पूर्वजांनी शाळेला, वाचनालयाला, भजनाच्या मठीला तोंडी जागा दिलेली आहे, त्यांनी जिवंतपणीच नोटरीकडे जाऊन बसावे, ही हात जोडून विनंती. आणि सरकारला सांगणे एवढेच, की वारस ठरेपर्यंत अशा इमारतीवर निदान कौले घालू देणारी तात्पुरती परवानगी तरी असावी. मालकी कोणाचीही ठरो, पाऊस तोवर थांबत नाही.

आमच्या तेवीसांपैकी सतरा जणांच्या सह्या माझ्याकडे आल्या आहेत. लिस्बनच्या दोघांना पत्र टाकले आहे. ज्याचा पत्ता नाही, तो ऐंशीच्या दशकात वास्कोला बंदरात नोकरीला होता, एवढेच कळते. हे पत्र त्यांच्या कोणाच्या वाचनात आले, तर आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, फोंडा