बंदुकीचे पार्सल आणि एच-1बी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत बंदूक पार्सलने थेट घरी येते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. एकेकाळी तसे होतेही. केनेडींवर झाडलेली रायफल ऑस्वाल्डने 1963 मध्ये शिकागोच्या दुकानातून, दुर्बिणीसह 19.95 डॉलरला, खोट्या नावाने डॅलसच्या पोस्ट बॉक्सवर मागवली होती. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टने तो रस्ता बंद केला.

आता परराज्यातल्या, बंदूकविक्रीचा परवाना नसलेल्या माणसाला बंदूक थेट देता येत नाही. सख्ख्या भावाला भेट दिली तरी गुन्हाच. जाणूनबुजून केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. वारसाहक्काने आलेल्या बंदुकीला सूट आहे. एरवी ती घेणाऱ्याच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे, तिकडच्या बोलीत ‘एफएफएल’कडे, पाठवायची. तिथे घेणारा फॉर्म 4473 भरतो, त्याची पार्श्वभूमी तपासली जाते, मगच बंदूक हातात पडते.

घोडे अडते कागदांपाशी. विक्रेत्याला आधी फोन करून खासगी माणसाचे पार्सल घेतो का, हे विचारावे. काहीजण फक्त दुसऱ्या विक्रेत्याकडूनच घेतात. त्याच्या परवान्याची प्रत मागवावी. खोक्यात आपल्या ड्रायव्हिंग लायसन्सची झेरॉक्स आणि घेणाऱ्याचे नाव व फोन नंबर ठेवावा. बंदूक कोणाकडून आली हे विक्रेत्याला नोंदवहीत लिहावेच लागते; तो कागद नसला की माल त्याच्याकडे पडून राहतो. बंदूक रिकामी हवी. टपालात काडतुसे चालतच नाहीत. न्यू जर्सीला पाठवताना दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन सोबत घालू नये, तिथे त्यावर बंदी आहे.

केंद्रीय कायदा खासगी माणसाला एफएफएलकडे पार्सल पाठवू देतो, पण यूपीएस आणि फेडएक्स ते फक्त परवानाधारकांकडून घेतात. रायफल, शॉटगन टपालाने जाते. पिस्तुलाला 1927 च्या कायद्याने मनाई केली. तिला अलीकडे आव्हान दिले गेले आहे, म्हणून टपाल खात्याचा त्या दिवशीचा नियम पाहावा. या कटकटीपेक्षा जवळच्या एफएफएलला शुल्क देऊन त्याच्याकरवी पाठवलेले बरे. शिकारीसाठी स्वतःची बंदूक परराज्यात मित्राच्या पत्त्यावर धाडता येते, मात्र पार्सल स्वतःच्याच नावे हवे आणि मित्राने ते उघडायचे नाही.

आपल्या मंडळींनी खरे जपायचे ते व्हिसाला. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने बंदूक किंवा काडतूस बाळगणे, पाठवणे, स्वीकारणे हा केंद्रीय गुन्हा आहे. 2022 पासून शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. ग्रीन कार्डवाल्याला ही आडकाठी नाही, पण त्याने एच-1बीवरच्या मित्राला बंदूक जाणूनबुजून दिली तर तोही अडकतो. शिकारीचा परवाना असलेल्या व्हिसाधारकाला सवलत मिळते. तो परवाना मुदतीतला लागतो, गेल्या हंगामाचा चालत नाही.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी