मनू, परिणाम काय फक्त बाबांवरच होतो का गं?

मनू,

काल तू फोनवर बाबांना म्हणालीस ना, "तुम्ही लोक टीव्हीवर दाखवतील ते सगळं खरं मानता", तेव्हा स्पीकर ऑन होता आणि मी कांदे चिरत होते. बाबांनी फोन ठेवला आणि लगेच रिमोट शोधायला लागले, म्हणजे मनाला वगैरे काही लावून घेतलेलं नाहीये, टेन्शन घेऊ नकोस. पण माझ्या डोक्यात ते राहिलं. व्हॉइस नोट पाठवली तर तू ती डबल स्पीडने ऐकतेस म्हणून टाइप करत बसलेय, चुका असतील तर समजून घे.

तुझ्या मास मीडियाच्या नोट्स अजून इथेच माळ्यावर आहेत. त्यात डेव्हिसन नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाचं आहे बघ, १९८३ सालचं, तूच पिवळ्या हायलायटरने सगळं पान रंगवलंयस. बातम्या, जाहिराती, प्रचार, कशाचाही परिणाम दुसऱ्यांवर जास्त होतो आणि आपल्यावर कमी, असं ज्याला त्याला वाटत असतं, हा त्याचा मुद्दा. त्याने सांगितलेला किस्सा मला फार आवडला. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावर अमेरिकेची एक तुकडी होती, शिपाई सगळे काळे आणि ऑफिसर गोरे, तर जपान्यांनी वरून पत्रकं टाकली की हे गोऱ्यांचं युद्ध आहे, तुम्ही कशाला जीव देताय, संधी मिळाली की शरण या नाहीतर निघून जा. आता शिपायांवर त्याचा काही परिणाम झाला याचा पुरावा नाही, पण दुसऱ्याच दिवशी ती तुकडी तिथून मागे घेतली! म्हणजे पत्रक लागू पडलं कोणाला, तर ज्यांच्यासाठी लिहिलंच नव्हतं त्या साहेबांना, कारण त्यांना वाटलं आपले शिपाई बिथरणार. काल तू बाबांशी बोलत होतीस तेव्हा मला तेच साहेब आठवले, खरंच सांगते.

आणि ते मंगळवासीयांच्या हल्ल्याचं रेडिओ नाटक, ज्याच्यावर बोलायची प्रॅक्टिस तू हॉलमध्ये माझ्यासमोर केली होतीस. ३० ऑक्टोबर १९३८, ऑर्सन वेल्सचं नाटक, आणि ते खरं समजून अख्खी अमेरिका घाबरून रस्त्यावर आली. मला तेव्हाही वाटलं होतं की अख्खी? नंतर वाचलं तर त्या रात्री फोनवरून जो सर्व्हे झाला त्यात जेमतेम २ टक्के लोक ते नाटक ऐकत होते, बाकीचे दुसऱ्या स्टेशनवर कॉमेडी प्रोग्रॅम वगैरे ऐकत बसलेले, नाहीतर रेडिओच लावला नव्हता. काही लोक घाबरले असतीलच, पण देशभर हाहाकार हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी रंगवलं, कारण रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता आणि रेडिओ किती बेजबाबदार आहे हे दाखवायला बरंच होतं ना. आणि ते पेपरवाल्यांचं व्हर्जन इतकी वर्षं कॉलेजांमध्ये शिकवलं जातंय. "लोक किती भोळे असतात" ही गोष्ट कोणालाही सांगितली तरी लगेच पटते, कारण त्या लोकांमध्ये आपण नसतो.

तुमच्या पिढीला वाटतं सगळं व्हॉट्सॲपने बिघडवलं. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायले तेव्हा कुठे होतं व्हॉट्सॲप? आम्ही ठाण्यात चरईत राहायचो, चाळीत एकाच घरी फोन, आणि तरी दुपारपर्यंत देवळाबाहेर वाट्या-चमचे घेऊन ही लाइन! नंतर शास्त्रज्ञांनी पृष्ठताण वगैरे सांगितलं, चमच्याला चिकटलेलं दूध मूर्तीवरून कसं ओघळतं ते करून दाखवलं. पण मला लक्षात राहिलीयत ती कॉलेजची पोरं, "लोक किती येडे आहेत ते बघूया" म्हणत आली आणि तीही लाइनीतच उभी. लांबून बघणाऱ्याला काय कळणार की यातले भाविक किती आणि हसायला आलेले किती, त्याला फक्त लाइन दिसते. तू पण चिडून चिडून एखाद्या अँकरची क्लिप "बघा हा माणूस" म्हणून शेअर करतेस, तो व्ह्यू काय वेगळा मोजतात का गं? तुझंच फील्ड आहे, तू सांग.

२६/११ ला तू पाच वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. तीन दिवस बिल्डिंगमध्ये घरोघरी टीव्ही चालू होता, कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरतायत ते लाइव्ह. पुढे २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने चॅनेलवाल्यांना चांगलंच सुनावलं, की हे लाइव्ह बघून पलीकडचे लोक फोनवर सूचना देत होते आणि आपल्या जवानांचा जीव धोक्यात आला. २०१५ ला केबलचे नियम बदलले, आता अशी कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवता येत नाही, नेमलेला अधिकारी जेवढं सांगेल तेवढंच. नियम चॅनेलला लागला ते बरोबरच झालं, पण जे सोफ्यावर बसून चॅनेल बदलत होते त्यांचं काय, त्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि त्यात शिकलेले, शहाणे, टीव्हीला नावं ठेवणारे सगळे होते.

बाबांचं म्हणशील तर क्राइमचे प्रोग्रॅम बघून बघून त्यांना वाटतं तुझ्या बंगळूरमध्ये प्रत्येक रिक्षावाला टपून बसलाय, हे मला मान्य आहे. तुझ्या नोट्समधला तो गर्बनर हेच म्हणतो ना, जास्त टीव्ही बघणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा भयंकर वाटतं. पण रात्री नऊनंतर लोकेशन पाठवायचं ते पाठव, त्याला गर्बनर चालणार नाही.

त्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती काय दाखवत नाहीत याची. परवा घोडबंदरला गायमुखजवळ जो ट्रॅफिक अडकला, शेजारची मुलगी अकराला घरी आली, आणि टीव्हीवर संध्याकाळभर एका हीरोच्या घटस्फोटावर आठ डोकी भांडत होती. आणि लिफ्टमध्ये लोक काय बोलत होते माहितीये? घटस्फोट! स्वतः दोन तास अडकलेली माणसं! १९६८ ला अमेरिकेत चॅपल हिलमध्ये मॅककोम्ब्स आणि शॉ या दोन प्राध्यापकांनी १०० मतदारांना विचारलं की महत्त्वाचे प्रश्न कुठले, तर उत्तरांचा क्रम जवळजवळ तोच आला जो पेपर-टीव्हीवर होता. मत काय बनवायचं ते ज्याचं तो ठरवत असेलही, पण कशावर बनवायचं ते आधीच ठरलेलं असतं. बाबा तिकडे चॅनेलला शिव्या घालतात, पण घालतात त्याच घटस्फोटावरून.

आणि आता तू. मागच्या वेळी आलीस तेव्हा तुझ्या बाथरूमच्या फळीवर चार सीरम होती, एक सकाळचं, एक रात्रीचं, बाकीची दोन कशाची ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. काकूच्या तांब्याच्या बाटलीला तू हसतेस, कारण तिला ते मेसेजमध्ये आलं. तुला कुठे आलं? "सगळेच वापरतात" म्हणालीस. सगळे म्हणजे कोण गं, नावं सांग.

अजून एक, हे मात्र तुझ्या कामाचं. साड्यांच्या ॲपवर ते लाल घड्याळ उलटं पळत असतं ना, "ऑफर संपायला इतकी मिनिटं बाकी", तसली खोटी घाई दाखवायला नोव्हेंबर २०२३ पासून बंदी आहे म्हणे, ग्राहकांसाठी सरकारने ज्या १३ फसव्या युक्त्या ठरवल्यात त्यात ती पहिलीच आहे. मग तुमच्या ऑफिसात ते घड्याळ लावताना ऑफर खरंच संपणार आहे की नाही हे कोण बघतं? खरं काय ते कळव, आणि जरा लवकर, माझ्या कार्टमध्ये दोन इरकली पडल्यात आणि त्यांची चाळीस मिनिटं राहिलीयत.

आई