पळायला या, नाहीतर कोपऱ्यावर उभं राहायला तरी या

नाशिककर मंडळी, जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला आपलं मंडळ जुन्या नाशकातून चॅरिटी दौड काढतंय. पळणारे भरपूर नावं देतायत, अडलंय ते पैशाला आणि हाताला.

पैसे कशाला तर बुटांना. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची पोरं-पोरी इथं रूम करून राहतात आणि पळायची प्रॅक्टिस करतात. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या कॉमनवेल्थला दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलं तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवली, पण तिच्या मागनं येणाऱ्या पोरींच्या पायात काय आहे ते कोणी बघतं का? रनिंगचा बूट सहा-आठशे किलोमीटरला बसतो, आठवड्याला ऐंशी-शंभर किलोमीटर पळणारी पोरगी दोन महिन्यांत जोडी संपवते, आणि घरी मागायची सोय नसते म्हणून तळ फाटला तरी तोच घालते, मग गुडघा धरतो. म्हणून टी-शर्ट नाही, मेडल नाही, निम्मे पैसे त्यातच जातात. कोणी कितीही रुसलं तरी हे फायनल.

रूट मात्र मस्तय. १९३० साली बाबासाहेबांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला त्या काळारामापासून सुटायचं, कपालेश्वरावरून होळकर पूल ओलांडून सुंदरनारायण, हे १७५६ चं, २१ मार्चला सकाळचं ऊन थेट मूर्तीवर पडतं ते. पुढे रविवार कारंजा, सरकारवाडा, मग तिवंधा, जिथं रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंग खेळायचा जुना दगडी हौद, उघडतात, तिथनं भांडीबाजार आणि रामसेतूवरून नारोशंकरापाशी शेवट. त्या देवळातली मोठी घंटा पोर्तुगीजांवरच्या वसईच्या विजयाची, आणि गोदेचं पाणी घंटेला लागलं की मोठा पूर, हे लहानपणापासून ऐकतोच आपण. मोठ्यांनी दोन फेऱ्या, लहानांनी आणि आजी-आजोबांनी एक. घाटाच्या पायऱ्यांवर कोणीही पळायचं नाही, दगड गुळगुळीत असतात. सिंहस्थाची कामं चालूयेत, त्यामुळे रूट आयत्या वेळी एखादी गल्ली सरकू शकतो.

आता हात. गल्ल्या अरुंद, वळणं आंधळी, मधेच गाय नाहीतर दूधवाल्याची गाडी, त्यामुळे प्रत्येक वळणावर शिट्टी घेऊन एक माणूस पाहिजेच, तिथलाच राहणारा असला तर सोन्याहून पिवळं, त्याचं गाडीवाले ऐकतात. पाणी माठातून स्टीलच्या ग्लासात द्यायचंय, गोदेकाठी प्लास्टिक बाटली नको, तेव्हा माठ आणि ग्लास उसने द्या. जवळपासचे डॉक्टर, नर्स, दोन तास आलात तर फार बरं होईल. आणि वाड्यात राहणाऱ्यांनो, त्या दिवशी दिंडी दरवाजा उघडा ठेवा, बायका-पोरींना बाथरूमची सोय एवढीच विनंती.

सराफबाजारातल्या दुकानदारांनी एकेका जोडीचे पैसे उचलले तरी निम्मं काम होतंय. पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हातात रोख देऊ नका, आमच्या पोरांच्याही नाही. मंडळाच्या ऑफिसात रोज संध्याकाळी सातनंतर कोणी ना कोणी असतंच, बुटाचे साइज लिहिलेली वही तिथेच ठेवलीय, बघून जा.