राखणदार दगड उचलणाऱ्या माळीबुवांना

माळीबुवा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. निवासाच्या मालकीणबाई तुम्हाला 'उएकिया-सान' म्हणत होत्या. त्याला आमच्याकडे माळीबुवा म्हणतात, म्हणून तेच लिहितो. पत्र मराठीत आहे, तुम्हाला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. पण जपानातल्या यामानाकाच्या, ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या गावी आपली माणसंही येऊ लागली आहेत, त्यांच्याही नजरेला पडावं म्हणून हे असं उघड्यावर.

आधीच्या चार मुक्कामांवर आमच्या आजींनी एकच वाक्य ऐकलं होतं. "तुम्ही इथेच बसा, आम्ही फोटो दाखवतो." अडवणूकच ती, फक्त काळजीच्या सुरात केलेली. एका ठिकाणी तर गाइडने बागेच्या दाराशी खुर्चीच आणून ठेवली आणि बाकीच्यांना वीस मिनिटांत परत बोलावलं. अशी बाग वीस मिनिटांत उरकणं म्हणजे पानातलं मीठ-लिंबू चाखून पंगतीतून उठणं.

तुम्ही काय केलंत, ते सांगायला चार ओळी पुरतील. वाट जिथे दुभागते तिथे आजी थबकल्या. समोर उजवीकडे पायदगडांची, म्हणजे सुट्या दगडांवरून पावलं टाकत जायची वाट खुली होती आणि डावीकडच्या फरसबंद वाटेच्या तोंडाशी राखणदार दगड होता. पाइनखालची शिडी सोडून तुम्ही आलात, गुडघा टेकलात आणि काळ्या दोरीची गाठ तीन बोटांत धरून तो दगड उचललात. रात्री पाऊस झाला होता. दगड उचलल्यावर खाली मोसंब्याएवढा कोरडा गोल दिसला. मग दोन्ही हातांनी तो दगड उजव्या वाटेच्या पहिल्या पायदगडावर, गाठ वर करून, ठेवलात. हसलातही नाही. मागे सरून पुन्हा शिडीवर चढलात.

आपल्या वाचकांसाठी सांगायला हवं. सेकिमोरी-इशी म्हणजे नाक्यावरचा राखणदार. मुठीत मावेल असा गोटा, माडासारख्याच एका झाडाच्या काथ्याच्या दोरीने चहूबाजूंनी बांधलेला, वर मूठ म्हणून गाठ. तो वाटेवर दिसला की पुढे जायचं नाही. पाटी नाही, साखळी नाही, 'हुकमावरून' नाही. पोरसुद्धा ओलांडून जाईल, तरी कुणी ओलांडत नाही. त्यामुळे तो उचलून दुसऱ्या वाटेवर ठेवण्याचा अर्थ आजींना कुणी सांगावा लागला नाही. ही वाट आता तुमची, ती नव्हे.

त्या वयाला पायदगडांची वाट का नको, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! ते दगड जमिनीपासून तीन ते सहा सेंटिमीटर उचललेले असतात आणि दोहोंमध्ये साधारण चार बोटांची फट असते. अंतर किमोनोतल्या आखूड पावलाचं. चहाविधीच्या बागेबद्दल चहागुरू सेन नो रिक्यूचं म्हणणं सांगतात, की चालण्याला सहा भाग आणि दिसण्याला चार. त्याचाच शिष्य फुरुता ओरिबे, त्याने हेच प्रमाण उलटं केलं. निवासांच्या बागा बहुधा ओरिबेच्या बाजूच्या, दिसायला देखण्या आणि चालायला चावऱ्या. त्यात पायात गेता, म्हणजे लाकडी चपला. तळाला दोन आडव्या पट्ट्या, त्यातली पुढची दगडाच्या कडेला अडली की माणूस तोंडावरच जातो. गेता घालून चालायचं तर पाऊल दगडाच्या मधोमध, सपाट, आणि टाच आधी न टेकवता. ओल्या दगडावर मॅपलचं एक पान चिकटलेलं असलं तरी घसरायला तेवढं पुरतं. दगडाचा माथा मध्ये किंचित फुगीर हवा, खोलगट राहिला तर पाणी साचतं आणि तुमच्या थंडीत गोठतं. खालची माती नीट ठोकली नसेल तर दगड डुगडुगतो, आणि ते पाय ठेवेपर्यंत कळत नाही. तुमचा एकही डुगडुगत नव्हता, हेही सांगून ठेवतो.

डावीकडची नोबेदान, म्हणजे ती फरसबंद वाट, मात्र अंगणासारखी. घडीव आणि बिनघडीव दगड मिसळून बसवलेली, दोन माणसं शेजारून चालतील एवढी रुंद. आपल्याकडचे गवंडी भिंतीत सांधेमोड करतात तशीच तिथेही असते. चार कोपरे एका ठिकाणी येऊ द्यायचे नाहीत, लांब सरळ सांधाही चालू द्यायचा नाही. नजरेला ते बोचतं हे खरं कारण. पण काठी टेकणाऱ्यालाही फायदा होतो, कारण टोक एका रेषेत घसरत जात नाही. आजींची काठी एकदाही अडकली नाही.

आणि वाट सपाट असल्यामुळे एक गोष्ट घडली, जी गेतावाल्यांच्या वाट्याला फार कमी येते. आजींनी मान वर ठेवली. पायदगड माणसाला खाली बघायला लावतात. म्हणून तर दुभागणीवर एक मोठा दगड घालतात, दोन्ही पाय टेकवून वर बघायला. आजींना मात्र सगळा वेळ पाइन दिसत होता. त्याच्या खोडाशी रोवलेला उंच खांब, त्याच्या टोकापासून छत्रीच्या काड्यांसारख्या उतरणाऱ्या दोऱ्या, एकेका फांदीला एकेक. ही युकित्सुरी, बर्फाच्या ओझ्याखाली फांद्या सावरायला. जपानी समुद्राकडून येणारा तिकडचा बर्फ ओला आणि जड, एका रात्रीत फांदी मोडतो. जवळच कानाझावाच्या केनरोकुएन बागेत १ नोव्हेंबरला हे काम सुरू होतं, पहिला मान कारासाकी पाइनचा, त्याला सुमारे ८०० दोऱ्या. तुमच्या झाडाला त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत इतक्या, पण ताण कसा अचूक! दोरीने फांदी वर ओढायची नसते, ओढली तर ती वाकडी होते. ढिली सोडली तर ओझं आल्यावरच दोरी ताणली जाते आणि तोवर उशीर झालेला असतो. आजी त्या झाडापाशी किती वेळ उभ्या होत्या ते आम्ही मोजलं नाही.

शेवाळाबद्दलही बोलायचं होतं (खराट्याचं टोक लागलं तर ते मातीपासून उपटून येतं, म्हणून तुम्ही पानं हाताने वेचत होतात), पण ते राहू दे.

एक सूचना तिकडे जाणाऱ्यांसाठी, कारण ही चूक सर्रास होते. कुंडातून बाहेर आलं की लगेच बागेत निघू नये. पाणी ४१-४२ अंशांचं असतं, बाहेर आल्यावर रक्तदाब उतरतो आणि नेमकं पहिल्या पायदगडावर डोळ्यांपुढे अंधारी येते. पंधरा-वीस मिनिटं बसावं, पाणी प्यावं, युकाताची, म्हणजे सुती अंगरख्याची, डावी बाजू वर ठेवून (उजवी वर फक्त मृताची) वर जाड झगा चढवावा. वज्रेश्वरीला आपण कुंडातून निघून ओल्या पायांनीच देवळाच्या पायऱ्या चढतो, ती सवय तिथे नको.

चांगुलपणाचे प्रकार पुष्कळ. हात धरणारे भेटतात, चाकाची खुर्ची आणणारेही भेटतात, त्यांनाही नमस्कारच. पण माणसाला काय जमेल ते त्याला न विचारता, न बोलता ओळखायचं आणि त्यासाठी बागेचा नियम घटकाभर फिरवायचा, हे क्वचित. गाइडला ते वीस मिनिटांत जमलं नाही. तुम्हाला शिडीवरून दिसलं.

आपली ऋणी,
आजींच्या घरची मंडळी, पुणे

ता. क. आजींनी नदीतला एक गोटा आणवून घरच्या मोरीपाशी, फरशी ओली असते तिथे ठेवायला बांधून घेतला आहे. दोरी कोकणातला काथ्या. पहिल्या खेपेला कोरडीच बांधली, आठवड्यात सैल पडली. मग भिजवून बांधली, वाळताना आवळली आणि बसली. गाठ अजून तुमच्यासारखी उभी राहत नाही, एका बाजूला कलते.