शिडे अजून कालबाह्य नाहीत

उपग्रहाच्या युगात नौदलाने शिडाच्या जहाजांवर पैसा का घालवावा, असा सवाल करणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकाचा हिशेब मला पटला नाही.

हॅम्बुर्गमध्ये 1936 साली बांधलेले 'ईगल' हे जहाज आज अमेरिकेच्या तटरक्षक दलात आहे आणि त्यावर अजूनही छात्र घडतात. त्याचेच भावंड 'साग्रेस' पोर्तुगीज नौदलाने पुढे ब्राझीलकडून घेतले. तेही प्रशिक्षणासाठीच वापरात आहे. या देशांकडे आधुनिक उपकरणांची वाण नाही. तरीही ते छात्रांना डोलकाठीवर चढवतात. वारा कुठून फिरला, लाट कशी येते, दोर कधी ओढायचा आणि कधी सैल सोडायचा, हे पडद्यावर पाहून अंगात मुरत नाही. शिवाय एक शीड आवरायलाही अनेक हात एकाच वेळी लागतात, तिथे एकट्याची हुशारी चालत नाही.

लेखात गोव्याचा उल्लेखही नाही, याचे नवल वाटले. 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केलेली 'तरंगिणी' आणि तिच्यानंतरची 'सुदर्शिनी' ही दोन्ही तीन डोलकाठ्यांची प्रशिक्षण जहाजे वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली. नौदलाची 'म्हादेई' ही शिडाची नौका तर दिवाडी बेटावर बांधलेली. खर्चाची चर्चा जरूर व्हावी. पण ही जहाजे मुरगाव बंदरात येतील तेव्हा शाळकरी मुलांना ती आतून दाखवण्याची सोय नौदलाने आणि शिक्षण खात्याने मिळून करावी.

– एक वाचक, वास्को