घरात ओरडला म्हणून अटक, आणि घरात मारलं तर ‘मिटवा’?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माणसाने आपल्या घरात आरडाओरडा केला, शिव्या दिल्या, भांडी आपटली तर पोलिसांनी त्याला उचलून न्यावं का, हा विषय सध्या आमच्या वाड्यावर रोज निघतोय. देवळाच्या पायरीवर निघतो, मासळीवालीच्या टोपलीभोवती निघतो, कारण गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या दिराला पोलिसांनी त्याच्याच घराच्या सोप्यावरून, म्हणजे ओसरीवरून, नेलं. मी कायदा शिकलेली नाही. अंगणवाडीत २६ वर्षं काम केलंय. पण त्या रात्रीनंतर मी वकिलांना विचारलं, भाच्याकडून कायद्याची कलमं मोबाईलवर काढून घेतली, चष्मा लावून वाचली, आणि जे कळलं ते लोकांनाही कळावं म्हणून लिहितेय.

झालं ते असं. दोघे भाऊ घराच्या वाटणीवरून बोलत होते, बोलत म्हणजे ओरडतच होते, खोटं कशाला सांगू, आवाज तिठ्यापर्यंत जात असणार. रात्रीचे साडेदहा झालेले. पण कोणी कोणाच्या अंगाला हात लावला नव्हता. कोणीतरी ११२ ला फोन केला, त्या माणसाला मी दोष देत नाही, उद्या खरंच काही झालं असतं तर आपणच म्हटलं असतं की शेजारी काय झोपले होते काय. गाडी आली, हवालदार आणि दोन शिपाई अंगणात आले, तोवर थोरला आत जाऊन पाणी पीत बसलेला, म्हणजे भांडण संपलेलंच होतं. धाकटा सोप्यावर उभा. हवालदाराने विचारलं काय चाललंय, तर हा म्हणाला, “आमच्या घरात आम्ही बोलतोय, तुम्ही कोण विचारणारे?” आवाज चढवूनच म्हणाला, तेही मान्य. झालं, “खाली ये” म्हणून त्याला अंगणात बोलावलं, तुळशीपर्यंत पोचतोय तर दोन्ही दंड धरले आणि गाडीत घातला. माझी जाऊ मागून धावली, कशासाठी नेताय म्हणून विचारत राहिली, तर उत्तर काय, “सकाळी या.” दुसऱ्या दिवशी दुपारी मामलेदार कचेरीत उभा केला, बाँड लिहून घेतला, चॅप्टर केस घातली, म्हणजे शांतता राखीन असं लिहून घ्यायची केस. ५४ वर्षांचा माणूस, त्याची चप्पल घरी सोप्याच्या पायरीखालीच राहिलेली, तो कचेरीच्या त्या थंड लादीवर अनवाणी उभा होता आणि ओळखीचे लोक दाखल्यांसाठी रांगेत उभे राहून बघत होते. तेव्हापासून तो देवळात यायचा बंद झालाय.

आता दुसरी गोष्ट, ती जुनी आहे पण मला कालच्यासारखी आठवते. २०१३ साल. आदल्या वर्षी खाणी बंद पडल्या आणि आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यात किती घरांचं काय झालं ते इथल्या लोकांना सांगायला नको. शेजारच्याचा टिपर होता, खाणीचा माल वाहायचा ट्रक, कर्जाचा, तो मागच्या भाटात, माडांच्या बागेत, उभा राहिला तो राहिलाच, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर माडाची झावळं पडलेली, आणि तो माणूस दुपारपासून प्यायला लागला. एका रात्री त्याची बायको आमच्या मागच्या दाराने आली. ओठ फुटलेला, एक डोळा बंद व्हायला लागलेला. आणि तिने पदराखाली काय धरून आणलं होतं तर पोरीचं दहावीचं हॉल तिकीट, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कारण तो चुलीत टाकायला निघाला होता. दागिने नाही, पैसे नाही, हॉल तिकीट. मी स्वतः पोलिसांना फोन केला. आले, तेच पोलीस स्टेशन, माणसं वेगळी असतील. अंगणात उभ्या उभ्या त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि एक जण म्हणाला, “बाये, पोरीची परीक्षा आहे ना, मग घरचं घरात मिटव.” नवऱ्याला म्हणाले, उद्या येऊन भेट. मग गाडी गेली, आणि ती माझ्या स्वयंपाकघरात पहाटेपर्यंत बसून राहिली.

ह्या दोन रात्री शेजारी शेजारी ठेवल्या की माझं डोकं सुन्न होतं. एकाने तोंड चालवलं, तेही पोलिसांवर, तर त्याला लॉकअप. दुसऱ्याने हात चालवला, तो बायकोवर, तर त्याला ‘उद्या येऊन भेट’. हे उलटं आहे, आणि मला जे म्हणायचंय ते एवढंच की हे सुलटं करा.

लोकांना वाटतं पोलिसांना असा अधिकार असणारच. मलाही वाटायचं. पण दारू पिऊन धिंगाणा घालण्याचं कलम आहे ना, भारतीय न्याय संहितेचं ३५५, ते सार्वजनिक जागेसाठी आहे, किंवा जिथे जायचा त्या माणसाला हक्कच नाही अशा जागेसाठी. शिक्षा २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, किंवा आता नव्याने समाजसेवा. जुन्या दंड संहितेत दंड १० रुपये होता. मारामारीचं कलम १९४, तेही सार्वजनिक जागेत भांडून शांतता मोडली तर. म्हणजे आपल्या घरात मोठ्याने बोलणं, वाईट बोलणं, हा ह्या कलमांखाली गुन्हाच नाही. मग त्या ‘खाली ये’ चा अर्थ काय तो मला नंतर कळला! सोपा म्हणजे घर, अंगण म्हणजे कदाचित घर, आणि रस्ता म्हणजे सार्वजनिक जागा, माणसाला तेवढी दहा पावलं चालवून आणलं की काम सोपं होतं.

राहिलं ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ज्याला सगळे अजून ‘१५१’ म्हणतात, १ जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १७० झालंय. त्यात लिहिलंय की एखाद्याचा दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, करायचा बेत आहे असं पोलिसांना कळलं, आणि अटक केल्याशिवाय तो गुन्हा थांबवता येणार नाही असं दिसलं, तरच वॉरंटशिवाय अटक, आणि तीही २४ तासांच्या वर नाही. कलम चांगलं आहे हो, मी त्याच्या विरुद्ध नाही. कोणी कोयता घेऊन भावाच्या दारावर उभा असेल तर त्याला न्यायलाच पाहिजे, गुन्हा व्हायची वाट बघत बसायचं नाही. पण थोरला आत पाणी पितोय आणि धाकटा रिकाम्या हाताने सोप्यावर उभा आहे, ह्यात कुठला दखलपात्र गुन्हा होणार होता? तिथे झाला होता तो फक्त हवालदाराचा अपमान. त्याला राग आला असेल, दिवसभर ड्युटी करून रात्री कोणी तरी उलट बोललं की कोणालाही येईल, पण राग आला म्हणजे अटकेचं कारण झालं असं होत नाही. पोलिसावर हात उचलला तर त्याला न्याय संहितेचं १३२ कलम आहेच की.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे प्रोफेसर हेन्री लुईस गेट्स, मोठे विद्वान माणूस, जुलै २००९ मध्ये चीनहून प्रवास करून घरी आले तर दार अडकलेलं. ड्रायव्हरच्या मदतीने ते ढकलून उघडलं, कोणाला तरी चोर वाटले, फोन गेला, पोलीस आले. घर त्यांचंच आहे हे कळल्यावरही बोलाचाली वाढली, गेट्सना वाटलं आपण काळे आहोत म्हणून असं वागवतायत, ते ओरडले, सार्जंटने त्यांना बाहेर पोर्चवर यायला सांगितलं आणि तिथे बेड्या घातल्या. आरोप काय, तर बेशिस्त वर्तन. पाच दिवसांत आरोप मागे घेतले. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी आधी पोलीस मूर्खासारखे वागले असं म्हटलं, मग त्यावर गदारोळ झाला, आणि शेवटी प्रोफेसर आणि सार्जंट दोघांनाही व्हाइट हाऊसमध्ये बोलावून बिअर पाजली. भाच्याने हे वाचून दाखवलं तेव्हा मी पोर्च ह्या शब्दावरच थांबले. तिथे पोर्च, इथे सोपा. फरक एवढाच की माझ्या दिराला कोणी कुठे बोलावणार नाही, त्याची चॅप्टर केस तशीच राहणार.

पण ह्यावरून कोणी असं काढू नये की घर म्हणजे किल्ला, आत काही झालं तरी पोलिसांनी उंबऱ्याबाहेर राहावं. तसं म्हणणारे आमच्या वाड्यावर पुष्कळ पुरुष निघाले, दिराच्या बाजूने बोलता बोलता ‘माझ्या घरात मी काय वाट्टेल ते करीन’ पर्यंत पोचले, आणि मला त्यांचा जास्त राग आला. माझं घर म्हणजे कोणाचं? आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि तिचा अर्धा वाटा असतो. मग ज्या भिंतीवर तिचं डोकं आपटतात ती भिंत पण अर्धी तिची आहे! बाहेरगावचे लोक ह्या कायद्याचं कौतुक करतात, आपण सभांमध्ये अभिमानाने सांगतो, आणि रात्री साडेअकराला तीच बाई आपल्या अर्ध्या घरातून पळून शेजाऱ्याच्या मागच्या दारावर थापा मारते.

पोलिसांची अडचणही मला थोडी कळली, ती सांगायला पाहिजे. साधी मारहाण, न्याय संहितेचं कलम ११५, ती अदखलपात्र आहे, त्यावर नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहितात, अटक नाही. बायकोच्या छळाचं कलम पूर्वी ४९८-अ होतं ते आता ८५, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण तो गुन्हा दखलपात्र होण्यासाठी माहिती त्या बाईने किंवा तिच्या नात्यातल्या माणसाने द्यावी लागते. म्हणजे २०१३ ला माझ्यासारख्या शेजारणीने फोन केला तो पुरेसा नव्हता. आणि त्याच दाराशी उभी असलेली बाई, जिचा नवरा दहा फुटांवर आहे, ती कशी काय कंप्लेंट देणार? तिला तिथेच, त्याच्यासमोर, ‘कंप्लेंट द्यायचीय काय तुला’ असं विचारलं. ती नाही म्हणाली. मीही नाहीच म्हटलं असतं.

पण कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे, ऑक्टोबर २००६ पासून चालू आहे, म्हणजे तेव्हाही होता. त्यात कोणीही, शेजारीसुद्धा, ह्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर काही बालंट येत नाही. पोलिसांवर तर जबाबदारीच टाकलीय की बाईला तिचे हक्क सांगा, संरक्षण अधिकारी कोण ते सांगा, फुकट वकील मिळतो ते सांगा. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला घराबाहेर राहायचा हुकूम देऊ शकतात, अर्ज आला की साधारण तीन दिवसांत पहिली तारीख लावायची असते, आणि संरक्षणाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड, आणि तिथे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. एवढं सगळं कागदावर असताना त्या रात्री तिला मिळालं काय, तर पोरीच्या परीक्षेचा दाखला.

खोट्या केसेसचं काय, असं लगेच विचारतात. त्यासाठी सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमारच्या केसमध्ये सांगितलंच आहे की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठसूट अटक नको, आधी नोटीस द्या, अटक का गरजेची ते लिहून ठेवा. आणि त्याच्याही आधी, १९९६ मध्ये डी. के. बसूच्या केसमध्ये सांगितलं की अटकेचा मेमो करा, साक्षीदाराची सही घ्या, घरच्यांना कळवा. ‘सकाळी या’ हे त्या निकालात कुठेच नाही.

अंगणवाडीत पोरं घर-घर खेळतात. एक मुलगा बाबा होऊन झुलत झुलत येतो, हे मी वर्षानुवर्षं बघितलंय, पण एक मुलगी होती, चार वर्षांची, तो आत आला की ती आधी भातुकलीची भांडी चटईखाली सरकवायची आणि मग बाहुलीला घेऊन कोपऱ्यात बसायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या घरी कधी पोलीस गेले असतील तर त्यांनी काय बघितलं असेल? शांत घर, आवरलेलं. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक. आवाजावरून मोजायला गेलात तर असंच होणार, ओरडणारी घरं पकडली जाणार आणि गप्प घरं सुटणार.

म्हणून माझं पोलिसांना सांगणं आहे की दारात आलात की आधी आतल्या प्रत्येक माणसाला बघा. बाईला वेगळं घेऊन बोला, शक्यतो महिला पोलिसाने बोलावं, नवरा ऐकू शकणार नाही इतक्या लांब. अंगावर वळ दिसले, पोर घाबरलेलं दिसलं तर कोण काय बोलतं त्याच्यावर थांबू नका, तिला डॉक्टरकडे न्या, संरक्षण अधिकाऱ्याला कळवा, आणि मारणारा अजून हात उचलायच्या तयारीत असेल तर खुशाल १७० लावा, आम्ही शेजारी साक्षीला येतो. आणि कोणी नुसताच ओरडत असेल, तुम्हालाही चार शब्द बोलला, तर ऐकून घ्या, डायरीत नोंद करा आणि जा. बायकांनी १८१ हा मदतीचा फोन नंबर लक्षात ठेवावा, पोरांनी १०९८.

माझ्या शेजारणीची ती पोर दहावी पास झाली, आता पर्वरीला नोकरी करते, आईला घेऊन जाते म्हणते पण आई जात नाही. म्हणून माझं नाव छापू नये, गावही नको, घर ओळखता येईल. फक्त तालुका घाला.

– एक वाचक, डिचोली तालुका